जुनी कॉमिक्स, नवे अवतार : जालन्याच्या वाचकासाठी एक आढावा

जुन्या कॉमिक्सच्या परंपरेवर बेतलेली नवी कॉमिक्स साधारणपणे दोन तऱ्हांची असतात. एका तऱ्हेत जुना नायक, जुनी रेषा किंवा जुनी मांडणी प्रेमाने पुन्हा वापरात आणलेली असते. दुसऱ्या तऱ्हेत तिची टर उडवलेली असते. या दोहोंतली सीमा पुसट असते, कारण ज्याला मूळ गोष्ट तोंडपाठ नाही त्याला तिचे विडंबन जमत नाही. आचार्य अत्र्यांनी 'झेंडूची फुले' लिहिली ती रविकिरण मंडळाच्या काळातली कविता अंतर्बाह्य ठाऊक असल्यामुळेच. वाचकालाही मूळ ठाऊक असावे लागते. अमेरिकेत 'मॅड' मासिक १९५२ साली निघाले आणि पुढच्याच वर्षी त्यात 'सुपरड्युपरमॅन' आला. सुपरमॅन घरोघरी वाचला जात होता म्हणून तो विनोद लोकांना कळला. एखादे नवे कॉमिक्स कुणाला सुचवावे हे म्हणूनच त्या वाचकाने लहानपणी काय वाचले यावर ठरते, आणि जालना, अंबड किंवा परतूरच्या वाचकाची ही शिदोरी न्यूयॉर्कच्या वाचकाहून तर वेगळी आहेच, पुण्याच्या वाचकाहूनही थोडी वेगळी आहे.

मराठवाड्यातल्या चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या वाचकाच्या आठवणीत चार गोष्टी पक्क्या असतात. पहिली 'चांदोबा'. हे मासिक १९४७ मध्ये मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झाले आणि १९५२ पासून मराठीत येऊ लागले. काटेकोर अर्थाने ते कॉमिक्स नव्हते, पण चित्रकार शंकर यांनी काढलेला विक्रम राजा, एका हातात उपसलेली तलवार आणि खांद्यावर प्रेत, हे चित्र कित्येक पिढ्यांच्या डोक्यात कायमचे बसले. दुसरी 'इंद्रजाल कॉमिक्स'. टाइम्स समूहाने ती १९६४ मध्ये सुरू केली आणि १९९० पर्यंत चालवली. ली फॉकचा फँटम मराठीत वेताळ म्हणून आला, त्याच्या पाठोपाठ मँड्रेक आला, आणि १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर. तिसरी 'अमर चित्र कथा', अनंत पै यांनी १९६७ मध्ये उभी केलेली. चौथी हिंदीतली डायमंड आणि राज कॉमिक्स : चाचा चौधरी, नागराज, ध्रुव, डोगा. निजामाच्या राज्यातून आलेल्या या भागात हिंदी-उर्दू कानाला परकी कधीच नव्हती, त्यामुळे राज कॉमिक्स वाचायला इथल्या मुलांना अनुवादाची गरज पडली नाही. एस.टी. स्थानकावरचा स्टॉल आणि भाड्याने पुस्तके देणारे दुकान, तालुक्याच्या गावातली कॉमिक्सची वाचनालये ती हीच.

या यादीत एक विचित्र गोष्ट आहे. तिच्यातले जवळजवळ सगळे दुसऱ्या भाषेतून आलेले आहे, पण ते काढणारे हात बऱ्याचदा मराठी होते. 'अमर चित्र कथे'चा 'शिवाजी' रंगवणारे पुण्याचे प्रताप मुळीक यांनीच पुढे राज कॉमिक्ससाठी सुरुवातीचा नागराज काढला. राम वाईरकरांनी 'कृष्ण' काढला आणि 'टिंकल'मधल्या सुपंडीला त्याचे ते लांबट डोके दिले. शिकारी शंभू वसंत हळब्यांचा, कालिया कावळा प्रदीप साठ्यांचा, 'बाबासाहेब आंबेडकर' दिलीप कदमांचा. 'फास्टर फेणे'चे भा. रा. भागवत 'अमर चित्र कथे'साठी संहिता लिहीत होते. एवढे चित्रकार आणि लेखक असूनही मराठीत मूळची कॉमिक्सची मोठी मालिका मात्र उभी राहिली नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' २१ नोव्हेंबर १९९१ रोजी 'सकाळ'मध्ये सुरू झाला आणि खूप गाजला, पण ती रोजची चार चौकटींची पट्टी. दीर्घ गोष्टीचा प्रकार वेगळा. मराठी चित्रविनोदाची खरी ताकद दिवाळी अंकांत, शि. द. फडणीस आणि वसंत सरवटे यांच्या एकेका चित्रात गेली. आजच्या पुनरुज्जीवनाच्या लाटेत मराठी माणसे दिसतात ती इंग्रजी-हिंदी पुस्तकांतून, याचे मूळ या इतिहासात आहे.

चित्रांतून गोष्ट सांगण्याची परंपरा मात्र या भूभागात छापखान्याच्या कितीतरी आधीची आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, आणि या गावच्या दात्यांची नावे सांची व भरहूतच्या स्तूपांवरील दानलेखांत कोरलेली आहेत. ज्या स्तूपांच्या कठड्यांवर आणि तोरणांवर जातककथा दगडात सांगितल्या गेल्या, त्यांच्यासाठी आजच्या जालना जिल्ह्यातल्या लोकांनी पैसे दिले होते. भोकरदनच्या पलीकडे अजिंठा आहे, आणि तिथल्या भिंतींवर एकाच चित्रात तोच राजपुत्र तीन-चारदा दिसतो : इथे महालात, तिथे वनात, पुढे भिक्षू झालेला. चौकट न आखता काळ पुढे सरकवण्याची ही युक्ती आजच्या ग्राफिक कादंबऱ्यांत नवी म्हणून मिरवली जाते. अंबड तालुक्याला लागून असलेल्या पैठणचे नाव तर एका चित्रशैलीलाच चिकटले आहे. चित्रकथी सुट्या कागदांवर रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवून त्यांची पोथी करीत, आणि एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरून गात-सांगत पुढे जात. ही चित्रे पैठणला मिळाली म्हणून ती पैठणी चित्रे म्हणून ओळखली गेली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्यांचा मोठा संग्रह आहे. ही कला आज जिवंत आहे ती सिंधुदुर्गातल्या पिंगुळीत, ठाकर समाजात. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पानामागून पान, प्रत्येक पानावर एक प्रसंग आणि सोबत संवाद, ही कॉमिक्सचीच रचना; फक्त संवाद कागदावर न छापता सांगणाऱ्याच्या तोंडी असतो.

या पार्श्वभूमीवर नव्या पुस्तकांकडे पाहिले तर सर्वांत जास्त गर्दी महानायकांच्या बाजूला दिसते, आणि सर्वांत कमी टिकाऊ कामही तिथेच आहे. २००४ मध्ये आलेला 'स्पायडर-मॅन : इंडिया' हा पुनरुज्जीवनाचा सरधोपट नमुना. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर केला, त्याला गावातून मुंबईत आणले, धोतर नेसवले आणि किरणोत्सारी कोळ्याच्या जागी योगी आणला. काका बेनचे काका भीम झाले. नावे बदलली तरी गोष्टीचा सांगाडा तोच राहिला, त्यामुळे चार अंकांनंतर सांगण्यासारखे फारसे उरले नाही. हा नायक खरा जिवंत झाला तो २०२३ च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' या चित्रपटात, कारण तिथे त्याला थोडी चेष्टा करायची मुभा मिळाली. त्याच वर्षी निकेश शुक्ला यांनी लिहिलेली आणि अभिषेक मालसुनी यांनी काढलेली नवी पाच अंकी मालिका आली. दोन्हींतून एकच वाचायचे तर नवी मालिका घ्यावी. विवेक गोएल यांच्या होली काऊ या प्रकाशनाने काढलेले 'रावणायन', लेखक विजयेंद्र मोहंती, हे रावणाच्या बाजूने सांगितलेले रामायण. कल्पना जुनीच, पण हेतू प्रामाणिक. चित्रांत मात्र अमेरिकन महानायकांचे फुगलेले दंड इतके आहेत की लंकेतला प्रत्येक माणूस व्यायामशाळेतून आल्यासारखा वाटतो.

विडंबनाच्या बाजूने मराठी वाचकाला लगेच जवळचे वाटेल असे पुस्तक म्हणजे अभिजीत किणी यांची 'अँग्री मौशी'. मुंबईच्या या चित्रकाराने २०१२ च्या सुमारास ही मालिका सुरू केली. भ्रष्टाचाराने पिसाळलेली, हातात बंदूक घेतलेली लुगड्यातली मावशी गुंडांचा आणि पुढाऱ्यांचा समाचार घेते. सूडनायकाची सगळी सामग्री, काळाकुट्ट राग, आरपार गोळीबार, एकाक्षरी संवाद, जशीच्या तशी ठेवून ती भाजी बाजारात घासाघीस करणाऱ्या बाईच्या अंगावर चढवली, यात खरी गंमत आहे. किणींची गोलसर, चपळ रेषा 'टिंकल'च्या घराण्यातली आहे, आणि त्या निरागस रेषेत हाणामारी पाहणे हाच अर्धा विनोद. भाषा मराठीचा शिडकावा असलेली इंग्रजी. ताज्या बातम्यांवर बेतलेले टोले वर्ष-दोन वर्षांत बोथट होतात, हा या जातीच्या पुस्तकांचा दोष इथेही आहे. मावशी स्वतः मात्र शिळी होत नाही.

राज कॉमिक्सने स्वतःची चेष्टा फार आधीच करून ठेवली होती, हे इथे नोंदवायला हवे. जितेंद्र बेदी यांचा बांकेलाल हा राजा विक्रमसिंहाला मारून विशालगढचे सिंहासन बळकावण्याच्या नादात असतो, पण प्रत्येक कारस्थानातून राजाचे भलेच होते. 'चांदोबा'तल्या नीतिमान राजा-प्रधानांच्या गोष्टी ज्याने वाचल्या आहेत त्याला या उलट्या नीतिकथेची चव अधिक कळते. नागराज, ध्रुव आणि बाकी सगळ्या नायकांना एकत्र आणणारी 'सर्वनायक' मालिका हे याच प्रकाशनाचे नंतरचे मोठे पुनरुज्जीवन, पण जुने शेकडो अंक पाठ असल्याशिवाय त्यात शिरता येत नाही. नव्या वाचकाने बांकेलालपासून सुरुवात करावी. जुन्या कॉमिक्सचे नुसते पुनर्मुद्रण हा तिसरा, सर्वांत खपाऊ प्रकार आहे, आणि समीक्षकांनी नाके मुरडली तरी तरुण वाचकासमोर मूळ गोष्ट तीच ठेवते.

इंद्रजालच्या वेताळाचे पुनरुज्जीवन हा अवघड प्रश्न आहे. भारतीय आवृत्तीत त्याच्या देशाचे नाव बदलून डेंकाली केले होते, कारण मूळ नाव बंगालशी जुळत होते. नाव बदलले तरी कवटीच्या गुहेतून काळ्या माणसांवर राज्य करणारा गोरा माणूस तोच राहिला. आज वेताळ नव्याने लिहायचा तर हा भाग एकतर उलटा करावा लागेल किंवा त्याची खिल्ली उडवावी लागेल. तसाच ठेवणे शक्य नाही. त्या मानाने बहादूर अधिक टिकाऊ निघाला. भगवा कुर्ता आणि जीन्स घातलेला, डाकूंशी लढता लढता गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभे करणारा हा नायक आपल्याच मातीत रुजलेला होता. जयगढचा पोलीस, बहादूरची साथीदार बेला, शरण येणारे डाकू, सगळे त्या काळच्या चंबळच्या बातम्यांतून आलेले. बहादूरचे जुने अंक कुठे मिळाले तर आधी ते वाचावेत.

'अमर चित्र कथे'ला उत्तर म्हणून लिहिलेली पुस्तके ही या सगळ्या विषयातली सर्वांत समृद्ध बाजू, आणि ती बरीचशी महाराष्ट्राच्या इतिहासावर उभी आहे. २०११ मध्ये नवयान प्रकाशनाने दोन पुस्तके काढली. पहिले 'भीमायन' : संहिता श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची, चित्रे मध्य प्रदेशातल्या परधान गोंड कलावंत दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांची. 'अमर चित्र कथे'ने १९७९ मध्ये आंबेडकरांचे चरित्र नेहमीच्या चौकटीत, नेहमीच्या थोर पुरुषाच्या थाटात सांगितले होते. 'भीमायन'ने ती चौकटच काढून टाकली. आंबेडकरांच्या आत्मकथनपर लिखाणातले प्रसंग इथे पाणी, निवारा आणि प्रवास अशा भागांत मांडले आहेत : लहानपणी गोरेगावला जाताना मसूर स्टेशनवरून झालेला तहानेचा प्रवास, बडोद्यात पारशी धर्मशाळेतून हाकलले जाणे, आणि १९३४ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यावर टाकीच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून झालेला तंटा. दौलताबाद स्टेशन जालन्याच्याच मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर आहे. इथल्या वाचकाला हा प्रसंग दूरचा वाटण्याचे कारण नाही.

व्याम दांपत्याने चौकटींऐवजी दिग्ना वापरला, म्हणजे गोंड घरांच्या भिंती-जमिनीवर काढली जाणारी नक्षी. ती पानभर वळत जाते आणि प्रसंग तिच्या कुशीत बसतात. बोलण्याचे फुगे तर वाचताना थांबून पाहावेत असे आहेत. साध्या, मायेच्या बोलण्याला पक्ष्याचा आकार आहे. अपमानाच्या शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. एकनाथांच्या भारुडातला विंचू ज्यांच्या कानावर आहे त्यांना ही नांगी वेगळीच बोचेल. आगगाडी साप होते, किल्ला जनावरासारखा दबा धरून बसतो. चरित्रग्रंथ म्हणून पुस्तकात उणिवा आहेत. आजच्या काळातल्या दोन माणसांचा बस थांब्यावरचा संवाद, ज्यातून गोष्ट उलगडते, तो थोडा पुस्तकी आहे. पण भारतीय कॉमिक्सची चित्रभाषा इतक्या मुळापासून बदलणारे दुसरे पुस्तक दाखवणे कठीण.

दुसरे पुस्तक 'अ गार्डनर इन द वेस्टलँड', लेखिका पुन्हा श्रीविद्या नटराजन, चित्रकार अपराजिता निनान. हे जोतीराव फुल्यांच्या १८७३ च्या 'गुलामगिरी'वर आधारलेले आहे. इथे विडंबनाचा थर दुहेरी आहे. फुल्यांनी जोतीराव-धोंडिबा संवादातून मत्स्य, वराह, नृसिंह, वामन या अवतारांच्या कथा उलट्या वाचल्या होत्या. प्रत्येक अवतार म्हणजे बाहेरून आलेल्या आक्रमकांचा एकेक सरदार, आणि बळी हा इथला न्यायी राजा. म्हणजे मूळ ग्रंथच पुराणकथेचे झणझणीत विडंबन आहे. अवतारकथा पिढ्यान्पिढ्या रंगीत चित्रकथांतून गोड करून सांगितल्या गेल्यावर त्याच कथांची ही काळी-पांढरी, टोकदार चित्रे समोर येतात तेव्हा फुल्यांचा उपरोध डोळ्यांना दिसू लागतो. अमेरिकेतल्या गुलामीच्या इतिहासाशी घातलेले दुवे फुल्यांच्या अर्पणपत्रिकेतूनच आलेले आहेत. दोन्ही पुस्तके मूळ इंग्रजीत आहेत, पण 'गुलामगिरी' शेजारी उघडी ठेवून दुसरे वाचले तर भाषेची अडचण बरीच कमी होते.

याच रांगेत अमृता पाटील यांची 'आदिपर्व' (२०१२) आणि 'सौप्तिक' (२०१६) येतात. महाभारताचे हे दोन खंड रंगवलेले आहेत. चौकटी सैल, पानेच्या पाने बोलण्याविना. पहिल्यात सूत्रधार गंगा रात्री जमलेल्या लोकांना गोष्ट सांगते, दुसऱ्यात अश्वत्थामा. मध्येच कुणीतरी शंका काढतो, निवेदक उत्तर देतो, पुन्हा मूळ धागा पकडतो. गावातल्या कीर्तनात बसलेल्याला ही रीत लगेच ओळखू येईल. वेग शोधणाऱ्या वाचकाने या पुस्तकांच्या वाट्याला जाऊ नये. तारा बुक्सचे 'सीताज रामायण' (२०११), संहिता अर्नी आणि बंगालच्या पटुआ चित्रकार मोयना चित्रकर यांचे, त्यापेक्षा सुटसुटीत आहे. लोकचित्रकाराची गुंडाळी पुस्तकाच्या पानांत कशी बसवावी याचा तो धडा आहे, आणि पैठणी चित्रांच्या पोथ्यांना हाच मार्ग सहज जमण्यासारखा आहे. त्याआधीचे, १९९४ चे, ओरिजित सेन यांचे 'रिव्हर ऑफ स्टोरीज' नर्मदेच्या धरणावरचे. त्यात आदिवासी गायकाची सृष्टिकथा आणि पत्रकाराची बातमी शेजारी शेजारी चालतात. ते बराच काळ मिळत नव्हते, आता पुन्हा छापले गेले आहे.

इंग्रजी सहज वाचणाऱ्यांसाठी बाहेरची तीन नावे पुरेत. जेफ स्मिथ यांचे 'बोन' (१९९१-२००४) जुन्या अमेरिकन प्राणी-कॉमिक्सची रेषा घेऊन महाकाव्याएवढी गोष्ट सांगते. दहा वर्षांच्या मुलालाही देता येते. आर. सिकोर्याक यांचे 'मास्टरपीस कॉमिक्स' (२००९) म्हणजे शुद्ध विडंबन : दस्तयेव्हस्कीचा रास्कोलनिकोव्ह बॅटमनच्या वेषात, काफ्काचा ग्रेगोर चार्ली ब्राऊनच्या पट्टीत. 'अॅस्टेरिक्स' मूळ जोडीनंतरही चालू राहिला. २०१३ पासून दिदिए कॉनराड चित्रे काढतात आणि रेषा इतकी हुबेहूब आहे की पुनरुज्जीवन कुठे संपते आणि नक्कल कुठे सुरू होते ते कळत नाही. वाचनीय आहे, पण मूळ लेखक गोसिनीचे शब्द त्यात नाहीत.

लहान मुलांसाठी निवड सोपी आहे. 'टिंकल'चा शिकारी शंभू हा जिम कॉर्बेटछाप शिकाऱ्यांचे विडंबनच. डोळ्यांवर टोपी ओढलेला भित्रा शिकारी चुकून शूर ठरतो. 'चिंटू'चे संग्रह मराठीतच आहेत. आणि बालभारतीने १९७१ पासून चालवलेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. मूळ मराठी चित्रगोष्टींचा एवढा साठा एका जागी दुसरीकडे सापडणे कठीण, आणि तालुक्याच्या शाळेत एक मोबाइल असला तरी तो उघडता येतो.

वाचनाकडून काढण्याकडे वळायचे असेल तर शरद शर्मा यांच्या वर्ल्ड कॉमिक्स इंडियाने रुळवलेली पद्धत सर्वांत स्वस्त पडते. दोन ए-४ कागद जोडायचे, चार चौकटी आखायच्या, गावातलीच एक गोष्ट सुरुवात, अडचण, वळण आणि शेवट अशी त्यांत बसवायची, काळ्या पेनाने काढायची, झेरॉक्स करून पारावर, शाळेत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवायची. चित्रकला उत्तम असण्याची अट नाही. भारूड, वगातली बतावणी किंवा विक्रम-वेताळाची एखादी जुनी गोष्ट पहिल्या प्रयोगासाठी चालते, कारण ती सगळ्यांना ठाऊक असते आणि चौथ्या चौकटीत ती उलटवली की काय उलटवले ते सांगत बसावे लागत नाही.